पोरगी चर्चच्या विद्यापीठात बीएड करतेय, तर बिघडलं काय?

यारातीर
गेल्या शनिवारी इथे मेलबर्नला एका बारशाला गेले होते. लेक ऑस्ट्रेलियन कॅथलिक युनिव्हर्सिटीत प्राथमिक शिक्षकाची पदवी करतेय, तिसरं वर्ष, असं बोलण्याच्या ओघात सांगितलं. ताटातला गुलाबजाम तसाच ठेवून एक काका म्हणाले, "चर्चवाल्यांकडे? सरकारी विद्यापीठं ओस पडली काय?" तिथे गप्प बसले. इथे लिहिते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हे विद्यापीठ १९९१ चं. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, कॅनबेरा इथल्या चार जुन्या कॅथलिक संस्था एकत्र करून उभं राहिलं. त्या संस्थांचं मुख्य काम शिक्षक घडवण्याचं, म्हणून आजही शिक्षणशास्त्र हा या विद्यापीठाचा कणा आहे. प्रवेशाला धर्म विचारत नाहीत. फीला सरकारी अनुदान आहे, इतर विद्यापीठांत मिळतं तसंच.

मी स्वतः २००३ साली पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजातून बीएड केलं. सूक्ष्म अध्यापन, टाचणं, हेतूकथन, सगळं यथासांग. पण सराव पाठांपैकी निम्मे कागदावरच झाले. निरीक्षण वहीवर सह्या एकाच दुपारी, एकाच पेनाने. इथे चार वर्षांच्या पदवीला किमान ८० दिवस वर्गात उभं राहावंच लागतं (हा देशभरचा नियम, या विद्यापीठाची मेहरबानी नव्हे). त्यातल्या शेवटच्या प्लेसमेंटला (शाळेतल्या सरावाच्या फेरीला) एक मोठी परीक्षा असते, जीटीपीए म्हणतात. मुलांना आधी काय येत होतं ते पुराव्यानिशी दाखवायचं, त्यावरून पाठ आखायचा, घ्यायचा, तपासायचा आणि मग मुलांमध्ये काय फरक पडला तेही दाखवायचं. 'पाठ छान झाला' असा शेरा चालत नाही. ही पद्धत याच विद्यापीठाच्या पुढाकाराने तयार झाली आणि आता इतर अनेक विद्यापीठंही वापरतात.

माझं म्हणणं एवढंच की शिक्षक घडवण्याचं काम कोण किती मन लावून करतं ते बघा, दारावरचा क्रूस नंतर.

सेक्युलर_सखाराम
ताई, लेकीला शुभेच्छा, पण दारावरचा क्रूस नंतर कसा? क्रूस आहे म्हणून तर प्रश्न आहे.

करदात्याचा पैसा घ्यायचा आणि मत चर्चचं चालवायचं. २०२४ चा ऑक्टोबर विसरलात? याच विद्यापीठाने मेलबर्नच्या पदवीदान समारंभात जुने कामगार नेते जो डी ब्रुइन यांना मानद डॉक्टरेट दिली. त्यांनी भाषणात गर्भपात, आयव्हीएफ, समलिंगी विवाह सगळ्यांवर तोंडसुख घेतलं. सभागृहातले बहुतेक लोक उठून बाहेर गेले, पदवी घ्यायला आलेली पोरंही. नंतर विद्यापीठाला समारंभाची फी परत द्यावी लागली.

दुसरं म्हणजे नोकरी. तिथल्या केंद्रीय लिंगभेदविरोधी कायद्याचं कलम ३८ धार्मिक शाळांना शिक्षक नेमताना सूट देतं. उद्या तुमच्या मुलीच्या वर्गमैत्रिणीने दुसऱ्या मुलीशी लग्न केलं, तर तीच पदवी असून दार बंद होऊ शकतं. हे कलम काढा असा विधी आयोगाचा अहवाल मार्च २०२४ मध्ये संसदेत ठेवला गेला. पैसा सगळ्यांचा आणि चाळणी यांची, हे कसलं गणित?

वसईकर
सखारामभाऊ, मी वसईचा, कॅथलिक आणि व्यवसायाने शिक्षक. त्या भाषणाचं समर्थन माझ्याकडून होणार नाही, मीही उठलो असतो. पण उठून गेलेली पोरंही त्याच विद्यापीठात शिकलेली, हे तुमच्या हिशेबात कुठे धरलंत?

आता पैशाचं. व्हिक्टोरिया वसाहतीने (मेलबर्नचं आजचं राज्य) १८७२ मध्ये कायदा केला: शिक्षण फुकट, सक्तीचं आणि निधर्मी. चर्चच्या शाळांचं अनुदान त्यानंतर गेलं. इतर वसाहतींतही तेच झालं. मग त्या शाळा शंभरएक वर्षं चालवल्या कुणी? सिस्टर लोकांनी (नन्सनी), पगाराशिवाय. एका वर्गात साठ-सत्तर पोरं, आणि नव्या सिस्टरचं प्रशिक्षण म्हणजे जुन्या सिस्टरच्या शेजारी उभं राहून शिकणं.

१९६२ चं गुलबर्न प्रकरण तर वाचाच. न्यू साउथ वेल्समधलं गाव. एका कॅथलिक प्राथमिक शाळेला सरकारने आणखी तीन संडास बांधायला सांगितले, आणि पैसा नव्हता. गावच्या कॅथलिकांनी वैतागून सगळ्या कॅथलिक शाळा बंद केल्या आणि पोरं सरकारी शाळांच्या दारात नेऊन उभी केली: घ्या, शिकवा. सुमारे दोन हजार पोरं, सरकारी शाळांत जागा मिळाली सहाशे-साडेसहाशेंना. आठवड्यात संप मिटला, पण आकडा सगळ्यांनी पाहिला. पुढे अनुदान आलं त्यामागे हे तीन संडास आहेत, भाऊ.

आज ऑस्ट्रेलियातलं पाचातलं जवळपास एक मूल कॅथलिक शाळेत जातं. सिस्टर संपल्या. त्या वर्गांना पगारी, शिकलेले शिक्षक लागणारच. ते विद्यापीठात तयार होऊ नयेत, तर कुठे व्हावेत?

सेक्युलर_सखाराम
वसईकर, संडासाची गोष्ट भारी, पण उत्तर नाही. शाळेत पोरं आहेत म्हणून शाळेला पैसा, हे एक वेळ मान्य. तिथल्या सुप्रीम कोर्टानेही, म्हणजे हायकोर्टाने, १९८१ मध्ये असं अनुदान घटनेविरुद्ध नाही म्हटलंय. (त्यांचं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम, गोंधळू नका.) पण सरकारी शाळेत जाणारा शिक्षकही त्याच साच्यातून का काढायचा? पदवीच्या मुलांना तिथे कॅथलिक सामाजिक विचारावर बेतलेले विषय सक्तीचे आहेत की नाहीत? यारातीर यांनी सोयीस्कर गाळलं.

खडूधूळ
मी पर्थला, सरकारी शाळेत शिकवते. दोघांच्या मधली गोष्ट सांगते, जी कुणी बोलत नाही.

कॅथलिक शाळेत नोकरी हवी तर वेगळी मान्यता घ्यावी लागते आणि धर्मशिक्षण शिकवायला आणखी वेगळी. माध्यमिकला गणिताचा शिक्षक हिंदू असला तर फारसं अडत नाही. प्राथमिकला वर्गशिक्षिकाच सगळं शिकवते, धर्मशिक्षणसुद्धा. तेव्हा यारातीर, तुमच्या लेकीला पदवी तिथली मिळेल, पण त्या शाळांत शिरकाव सोपा नसेल. सरकारी शाळेत जाणार असेल तर प्रश्नच नाही, तिथे नोंदणी आणि लँटाइट (होणाऱ्या शिक्षकांची भाषा-गणिताची परीक्षा) बघतात, कॉलेजचं नाव कोण विचारतो! शिक्षकांचा तुटवडा असा आहे की फळ्यासमोर उभा राहणारा माणूस हवाय.

पेठेतला_पंतोजी
आपल्याकडचंही बघा की. चर्चगेटची सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन १९५३ पासून शिक्षक घडवतेय. मुंबईतल्या किती मराठी घरांतल्या आत्या-मावश्या तिथून निघाल्या! तेव्हा कुणी गुलाबजाम खाली ठेवला नाही. बाकी, १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने टीईटीबद्दल (शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल) निकाल दिला, सेवेतल्यांनाही परीक्षा द्यायला लावली आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. म्हणजे सखाराम म्हणतो ती चाळणी आपल्याकडेही आहे, फक्त उलट्या बाजूने: आमच्या बायकोने पन्नाशीत टीईटीचा अभ्यास करायचा आणि शेजारच्या मिशनरी शाळेतली बाई निवांत.

वसईकर
पंतोजी, निवांत कुठली? निकाल लागेपर्यंत टांगती तलवारच आहे.

यारातीर
सखाराम, गाळलं हे खरं. सक्तीचे विषय आहेत. पहिल्या वर्षी लेक 'व्यक्तीची प्रतिष्ठा', 'सर्वांचं हित' यावरचा निबंध लिहीत बसली होती आणि मीच कपाळाला आठ्या घातल्या होत्या. तिने त्यात उदाहरण घेतलं सावित्रीबाईंच्या शाळेचं. शिक्षिकेने त्यावर लिहिलं, 'आणखी सांग'. मला त्यात बाप्तिस्मा दिसला नाही. पण हेही कबूल करते की मुलीला तशी बाई भेटली म्हणून मी हे लिहितेय. त्या समारंभात माझी मुलगी बसली असती, तर कदाचित हा धागा सखाराम यांनी नाही, मीच उलट्या बाजूने काढला असता.

कलम ३८ वर तुमच्याशी भांडण नाहीच. व्हिक्टोरियाने राज्यापुरता कायदा २०२२ पासून घट्ट केलाय. शाळेला आता दाखवावं लागतं की त्या विशिष्ट कामालाच तो धर्म लागतो. सफाई कामगाराला किंवा गणिताच्या मास्तरला ते लावता येणं अवघड. देशभर व्हायला हवं.

खडूधूळ, धर्मशिक्षणाच्या मान्यतेचं मला ठाऊक नव्हतं. काल लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आई, मला फुट्सक्रेच्या सरकारी शाळेतच जायचंय, आधी लँटाइटचं गणित निघू दे." दोनदा देऊन झालीय.

खडूधूळ
गणितात टक्केवारी आणि तक्ते वाचणं एवढंच पक्कं करायला सांगा, कॅल्क्युलेटरविना येणारा भाग आधी. माझ्याकडे जुने सराव प्रश्न आहेत. विपू (विचारपूस) करा.

सेक्युलर_सखाराम
मलाही पाठवा. भाचीला लँटाइट द्यायचीय. सरकारी विद्यापीठातून, आधीच सांगून ठेवतो.