थंडीत लेकरांना कसं जपता? आपापले अनुभव लिहा

मंडळी, थंडी पडली. आमच्या निफाडला जानेवारीत पारा पार खाली जातो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, आणि त्याच दिवसांत दवाखान्यात लेकरांची गर्दी होते. गेल्या जानेवारीत लेक आठ महिन्यांची होती. सर्दी झाली, नाक चोंदलं, सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली, मला वाटलं उतरेल दोन दिवसांत. तिसऱ्या रात्री दूध ओढेना. झबलं वर केलं तर पोट भात्यासारखं उडत होतं आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ताप फार नव्हता म्हणून आम्ही गाफील राहिलो. न्यूमोनिया निघाला, पाच दिवस ऑक्सिजनवर होती. डॉक्टरांनी तेव्हा शिकवलं ते सांगते. बाळ शांत असताना, रडत नसताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर लगेच दवाखाना. आणि तसा खड्डा पडत असेल तर मोजत बसायचंच नाही. तुमचं काय चुकलं, काय उपयोगी पडलं, सगळं लिहा प्लीज.

*

मी आजी आहे, साताऱ्याची. आमच्यात बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीवर वेखंड, ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची पद्धत, माझी दोन्ही मुलं त्यातच वाढली. नातवाला दिली तर पोर खोकून खोकून लालबुंद. डॉक्टर म्हणाले, आजी, धूर बंद. वाईट वाटलं खरं, पण बंद केली. तिळाच्या कोमट तेलाचं मालिश आणि मागच्या अंगणातलं कोवळं ऊन मात्र सोडलं नाही, त्याला कुणाची हरकत नव्हती. आता थोरला नातू बाजरीची भाकरी, तूप-गूळ कुस्करून खातो.

*

नागपूर. मुलगा तीन वर्षांचा, डिसेंबर लागला की रात्रभर ढास. मी दरवर्षी मागचंच कफ सिरप मेडिकलमधून आणायचे, चिठ्ठी लागते असं कधी वाटलंच नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याची लेकरं किडनी बंद पडून आमच्या नागपुरात उपचाराला आली, सिरपमध्ये विषारी डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, कितीतरी गेली. त्या दिवशी फ्रीजच्या दारातल्या अर्धवट बाटल्या काढल्या, चार होत्या, हात थरथरत होते. डॉक्टरांनी सांगितलं की साध्या सर्दीचा खोकला बहुतेक वेळा आपला आपणच जातो, चार वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याची मिश्र औषधं द्यायचीच नाहीत. आता नाकात सलाईनचे थेंब, गरम सूप, उशाशी पाणी. खोकतो, पण आठवड्याभरात सुटतो.

*

मी मेळघाटात आशा कार्यकर्ती आहे, गावात आरोग्याचं काम करते. बाळाचं पोट फुगलं, धाप लागली की इथे काही घरांत अजून गरम विळ्याने पोटावर चटके देतात, डम्मा म्हणतात त्याला. रागावून उपयोग होत नाही ताई, भुमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, ते भरवशाने जातात. मी आजीलाच जवळ बसवते आणि तिच्याच हाताने बाळाचा श्वास मोजवते, एकदा तिला फरक कळला की गाडी बोलवायला तीच घाई करते. कमी वजनाचं बाळ असेल तर आईच्या उघड्या छातीला लावून वरून लुगडं, याच्याइतकी ऊब दुसऱ्या कशात नाही. आणि न्यूमोनियाची पीसीव्ही लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. चुकवू नका हो.

*

कॅलगरीहून लिहितेय. इथे थंडीपेक्षा हीटरची कोरडी हवा जास्त त्रास देते, नाकातून रक्त यायचं, ह्युमिडिफायरने थांबलं. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिट व्हिटॅमिन डीचे थेंब. आणि जाड जॅकेटवरून कारसीटचा पट्टा लावू नका, तो सैल राहतो. आधी पट्टा, मग वरून पांघरूण.

*

पुणे, बाबा. आमच्याकडे माळ्यावरची गोधडी काढली की शिंका सुरू व्हायच्या. आता गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात टाकूनच घेतो. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देता येते, पहिल्या वर्षी दोन डोस, मध्ये चार आठवडे.

*

एक विचारायचंय, सात महिन्यांच्या बाळाला आलं-मध चाटवलं तर चालेल का?

*

निफाडहून परत मीच. नको गं. वर्षाच्या आत मध अजिबात नको, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो. नाक साफ कर आणि अंगावर थोडं थोडं, पण सारखं पाजत राहा.

काल लेकीला परत सर्दी झाली. झोपल्यावर झबलं वर करून बसले, ह्यांनी घड्याळ धरलं, मी मोजले. ३२ भरले. मग पांघरूण घातलं.