पुढची साथ आली तर वाडीने आधी काय करायचं?

सड्यावरचा, गुहागर
नमस्कार मंडळी. पुढच्या साथीची तयारी म्हणून ग्रामपंचायतीत एक कागद करायचं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्यावर आलंय. २०२० ला कोरोनात आमचंही ग्राम कृती दल होतं, पण सगळा जोर रस्त्यावर बांबू आडवे टाकण्यात आणि मुंबईहून कोण आलं ते वहीत लिहिण्यात गेला. आमची वाडी खाली, गाडी देवळापर्यंतच येते, नेटवर्क सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढल्यावर. दुसऱ्या लाटेत शेजारचे काका चार दिवस पडवीत पडून होते, ताप उतरला म्हणून सगळे निर्धास्त, आणि पाचव्या दिवशी खुर्चीला बांबू बांधून त्यांना वर आणेपर्यंत आणि मग बेड कुठे आहे ते फोन करकरून शोधेपर्यंत साडेतीन तास गेले. वाचले नाहीत ओ. तुमच्याकडे माणसं वाचली ती नेमकी कशाने?

आशाताई, दापोली
दादा, वाचून वाईट वाटलं. ताप उतरला की घरचे सुटलो म्हणायचे, पण कित्येकांना दम लागायचा तो आजाराच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटीच. सप्टेंबर २०२० ला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही सरकारी मोहीम सुरू झाली तेव्हापासून मी घरोघर ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र, बोटाला लावत होते. भातलावणीतून आलेल्या बाईचं बोट गार असतं, आकडा खोटा कमी दाखवतो, म्हणून आधी हात चोळून ऊब आणायची, नेलपेंट पुसायचं, मिनिटभर थांबून मगच लिहायचं. आकडा बरा असला तर खळ्यात ६ मिनिटं चालवायचं, साठीच्या वरच्यांना ३. बसून ९४ च्या खाली किंवा चालून आल्यावर तीनपेक्षा जास्त उतरला की गाडी बोलवायची, सकाळची वाट बघायची नाही. बसल्याजागीच दम असेल त्याला मात्र चालवू नका.

सिस्टर, रत्नागिरी
ताईंचं अगदी बरोबर. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोनचा निकाल आला, साधं स्वस्त स्टिरॉइड औषध, ऑक्सिजनवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाले आणि व्हेंटिलेटरवरच्यांचे तिसऱ्या हिश्शाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा दिसला नाही, तरी लोक दुकानातून स्टिरॉइड आणून दुसऱ्या दिवसापासून खायचे. म्हणजे औषध हातात होतं, माणूस वेळेत बेडवर यायला हवा होता. आणि निघण्याआधी फोन करा प्लीज! जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला १० लिटर लावला तर १२ तासही पुरत नाही. पेशंट येतोय हे तासभर आधी कळलं तरी आम्ही सिलिंडरची सोय करू शकतो.

मांगरातला पाहुणा, देवगड
मी तेव्हा मुंबईहून आलेला. १४ दिवस आंब्याच्या कलमातल्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, राहिलो, जेवण वहिनी गडग्यावर (दगडी कुंपणावर) ठेवून जायची, त्याचं मला काही वाटलं नाही. पण गावात ज्या नजरेने बघायचे ना, त्यामुळे नंतर लोक आजार लपवायला लागले. आमची आजी खोकत होती तरी म्हणायची "माका काय्येक झाला नाय", कारण घरावर कागद चिकटवतील ही भीती. म्हणून तुमच्या कागदात पहिलं हे लिहा की आजारी घराचं दूध, रेशन, गुरांची वैरण कोण बघणार. ते ठरलेलं असलं की माणूस आपणहून सांगतो.
बांबूंबद्दल मात्र तुमच्याशी सहमत नाही, सुरुवातीला त्याने थोडा वेळ मिळाला. तो वेळ आपण वापरला नाही ही चूक.

सिस्टर, रत्नागिरी
अजून एक, मशीनवर विसंबू नका. मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा लाइट गेली की हवेतून ऑक्सिजन काढणारा कॉन्सन्ट्रेटर बंद, भरलेला सिलिंडर जवळ हवाच. आणि पुढची साथ फुफ्फुसाचीच असेल असं नाही, तेव्हा खुणा बदलतील, पण कुठल्या घरात कोण म्हातारं, डायलिसिसवर कोण, गरोदर कोण ही यादी आणि रात्री गाडी कोण काढणार हे कामी येईलच. १०८ ला तुमच्या वाडीची खूणही नीट सांगता आली पाहिजे.

सड्यावरचा, गुहागर
लिहून घेतलं सगळं. खुर्ची आणि बांबू कायमचे देवळात ठेवायला सांगतोय, सुताराशी बोललो पण. ताई, ऑक्सिमीटरचे सेल कोण बघायचं तुमच्याकडे?

आशाताई, दापोली
मीच. दर सोमवारी आधी स्वतःच्या बोटाला लावून बघायचे. वापरात नसेल तेव्हा सेल काढून ठेवा दादा, पावसाळ्यात गंजतात.