चवथीचा फराळ सीमेवर पाठवताना

ताई, सीमेवरच्या भावाला गणेश चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पाठवाव्यात का, असं विचारलंत. जरूर पाठवा! फक्त ओल्या नारळाचं चूण (सारण) नको, वाटेतच आंबेल. सुकं खोबरं मंद आचेवर गुलाबी भाजा, त्यात भाजलेला रवा, तीळ, खसखस, पिठीसाखर. तळण मंद आचेवरच. आच मोठी झाली की वरून लाल, आत कच्ची, आणि दोन दिवसांत मऊ. रात्रभर पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफ धरली की बुरशी आलीच. पिशवी सील करण्यापूर्वी हवा दाबून काढा. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पिशवी फुगून फुटते. हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या मात्र राहू द्या, त्या टिकत नाहीत.

पत्त्यावर सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, ‘मार्फत ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) किंवा ‘९९ एपीओ’ आणि ९ ने सुरू होणारा युनिटचा पिनकोड. गावाचं, चौकीचं नाव अजिबात नको. फोनवरही विचारू नका. फुलबाज्या, काडेपेटी, लायटर टपालात चालत नाहीत. युद्धकाळात गाड्या आधी दारूगोळा नेतात, म्हणून महिनाभर आधी टाका. सोबत घरच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छताचा, फोटो ठेवाच.