मदत हवी आहे: सकाळी कॉम्प्युटरवर एकही साइट उघडत नाही, मोबाइलवर सगळं व्यवस्थित

नेटाने_करू
नमस्कार मंडळी. घरच्या कॉम्प्युटरवर नेट चालत नाही. वायफाय जोडलेलं दिसतं, त्याच वायफायवर मोबाइल मस्त चालतो, पण कॉम्प्युटरवर कुठलीही साइट उघडायला गेलं की एरर. राउटर बंद-चालू करून झाला. दुपारनंतर कधीतरी आपोआप सुरळीत होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. एक फाइल आजच्या आज पाठवायची आहे. दर वेळी माणूस बोलवायचा, त्याने पाच मिनिटं माउस हलवायचा आणि "आता बघा" म्हणून निघून जायचं, याचा कंटाळा आलाय. काय बिघडलं होतं ते तो कधी सांगत नाही. मला माझं मला जमलं पाहिजे. जरा लवकर सांगा.

ठोकताळे
डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा. दुसरं काही नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन गूगलच्या डीएनएसचे पत्ते, ८.८.८.८ आणि ८.८.४.४ टाका. मी ज्याच्या घरी जातो तिथे आधी हेच करतो.

सोल्डरगन
एरर काय येते? विंडोज कुठलं? लॅपटॉप की डेस्कटॉप? सगळ्याच साइट बंद की काही? "नेट चालत नाही" एवढ्यावर कोण काय सांगणार?

नेटाने_करू
विंडोज १०. एरर नेहमीचीच.

सोल्डरगन
नेहमीची एरर अशी काही एरर नसते हो. पानावर जे दिसतं ते खालच्या बारीक अक्षरांसकट इथे टंका.

फॉरमॅटवीर
कशाला एवढा कीस पाडताय? सी ड्राइव्ह फॉरमॅट मारा, विंडोज नव्याने टाका, तासाभरात मोकळे.

पेंग्विनप्रेमी
टाकायचंच तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाका. पेनड्राइव्हवरून आधी चालवूनही बघता येतं, हार्ड डिस्कला हात लावायला नको. माझ्याकडे बरीच वर्षं चालू आहे, एकदाही कुणाला बोलवावं लागलेलं नाही.

फॉरमॅटवीर
त्यांना आज फाइल पाठवायची आहे आणि तुम्ही त्यांना नवीन सिस्टिम शिकवताय!

पेंग्विनप्रेमी
आणि तुम्ही त्यांना सगळा डेटा उडवायला सांगताय. बॅकअप घेतलाय का, हे तरी विचारलंत का?

जुनाजाणता
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणूनच साइट उघडत नसणार.

वाचनमात्र
काका, सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट बंद झाले. साइट त्यामुळे बंद पडत नाहीत. आणि तसं असतं तर दुपारी कशा चालू झाल्या असत्या?

नेटाने_करू
फॉरमॅट नको, फोटो आहेत. पान बघितलं. "तुमचं कनेक्शन खाजगी नाही" अशा अर्थाचं मोठ्या अक्षरात आहे, लाल त्रिकोण, आणि खाली बारीक "नेट एरर सर्ट डेट इनव्हॅलिड". डेस्कटॉप आहे. ८.८.८.८ टाकून बघितलं, काही फरक नाही.

सोल्डरगन
आता कसं! पडद्याच्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?

नेटाने_करू
१ जानेवारी २०१५. ती रोजच चुकते. मुलगी कॉलेजातून आली की नीट करते. पण त्याचा नेटशी काय संबंध?

वाचनमात्र
"आपोआप" म्हणजे मुलगी होय! तिचा आयडी काढून द्या इथे.

सोल्डरगन
संबंध तोच आहे. एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीची साइट उघडताना ब्राउझर तिचं प्रमाणपत्र तपासतो. त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध, असं असतं. लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्रं देणारी संस्था, तिची कितीतरी प्रमाणपत्रं जेमतेम ९० दिवसांची असतात. तुमचं मशीन समजतंय की २०१५ साल आहे, म्हणजे त्याच्या हिशेबाने ती प्रमाणपत्रं अजून जन्मालाच आलेली नाहीत. मोबाइलचं घड्याळ बरोबर, म्हणून मोबाइल चालतो. डीएनएस चुकलं असतं तर एरर वेगळी आली असती.

आत्ता एवढंच करा: कोपऱ्यातल्या घड्याळावर उजवं क्लिक, तारीख-वेळ सेटिंग, वेळ आपोआप घेण्याचा पर्याय तात्पुरता बंद, तारीख आणि वेळ हाताने भरा, मग तो पर्याय परत चालू. ब्राउझर बंद करून उघडा आणि आधी फाइल पाठवा.

आणि एक सांगा, रात्री भिंतीवरचं बटण बंद करता का?

नेटाने_करू
फाइल गेली! बटण अर्थातच बंद करतो, कोण नाही करत?

सोल्डरगन
मग मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावरचा सेल संपलाय. बटण चालू असताना कॉम्प्युटर बंद असला तरी पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टची एक लाइन बोर्डापर्यंत चालू राहते, घड्याळ तिच्यावर चालतं. बटण बंद केलं की सगळी भिस्त त्या सेलवर.

पेंग्विनप्रेमी
पण विंडोजने नेटवरून वेळ घ्यायला हवी ना? म्हणूनच मी म्हणतो...

सोल्डरगन
घेते, पण फरक फार मोठा असेल तर नाही. घरगुती मशीनवर ती मर्यादा मुळात ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तास ठेवलेली असते. इथे फरक वर्षांचा आहे. आणि सेल मेला तर मिंटवरही घड्याळ मागेच जाईल, आधी वेळ जुळवून घ्यावी लागेल.

ठोकताळे
सेलबिल कशाला, रात्री बटण चालू ठेवा. झालं.

सोल्डरगन
वीज गेली की पुन्हा २०१५.

नेटाने_करू
सेल मी बदलू शकतो का? बोर्ड जळणार नाही ना?

सोल्डरगन
आरामात. बटण बंद करून मागची विजेची केबल पूर्ण काढा. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. मग बाजूचं झाकण. बोर्डावर नाण्यासारखा चकचकीत गोल सेल दिसेल, बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाच्या आसपास. कडेला पत्र्याची छोटी पट्टी असते, ती नखाने बाहेर ढकलली की सेल टुणकन वर येतो. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, घसरला तर बोर्डावर ओरखडा जातो. काढायच्या आधी फोटो काढा. बहुतेक बोर्डांवर अधिकची खूण वर असते.

नवा सेल घेताना आकडा बघा, बहुतेक सीआर २०३२. २० मिलीमीटर व्यास, ३.२ मिलीमीटर जाडी, ३ व्होल्ट.

फॉरमॅटवीर
२०२५ पण बसतो. मी टाकलाय.

सोल्डरगन
व्यास तोच, पण जाडी २.५. ढिला बसला की संपर्क सुटतो आणि मग पुन्हा धागा निघतो.

वाचनमात्र
एक राहिलं. सेल काढला की बायोसची (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची) सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. त्यामुळे आधी बायोसमध्ये जाऊन साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) आणि बूट क्रम (आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं) यांच्या पानांचे फोटो घ्या. नंतर विंडोज सुरूच झाली नाही तर आधी तिथे बघायचं. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, ती मागू शकतं.

जुनाजाणता
१९८४ च्या आयबीएम पीसी एटी या कॉम्प्युटरमध्ये घड्याळ आणि सेटिंग जपण्यासाठी मोटोरोलाची वेगळी चिप होती, एमसी१४६८१८. तिच्यात ६४ बाइट. त्यातले १४ घड्याळाला, ५० सेटिंगला. एवढ्यात संसार चालायचा! घड्याळाचा स्फटिक ३२,७६८ हर्ट्झचा असायचा, म्हणजे दोनचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद. आजही घड्याळांत तोच आकडा.

ठोकताळे
काका, धागा कशावर आहे?

जुनाजाणता
घड्याळावरच तर आहे.

नेटाने_करू
सेल बदलला. पट्टी सापडायलाच वेळ लागला, ग्राफिक्स कार्डाखाली लपली होती. चालू केल्यावर काळ्या पडद्यावर चेकसम काहीतरी आलं आणि एफ १ दाबा म्हणाला. काही बिघडलं का?

सोल्डरगन
नाही, जुनी सेटिंग गेली एवढंच सांगतोय. एफ १ दाबून बायोसमध्ये जा, तारीख-वेळ भरा, साटा मोड फोटोशी ताडून बघा, सेव्ह करून बाहेर पडा. मग भिंतीवरचं बटण रात्रभर बंद ठेवून सकाळी तारीख बघा.

नेटाने_करू
आज सकाळी तारीख बरोबर, साइट पहिल्या झटक्यात. मुलगी विचारतेय, आता मी काय करू.

संध्याछाया
माझ्या लॅपटॉपचंही घड्याळ मागे पडतं. हाच सेल का? आणि प्रिंटर ऑफलाइन का दाखवतो?

सोल्डरगन
काही लॅपटॉपमध्ये असा सेल वायरने जोडलेला असतो, काहींत तो नसतोच, मुख्य बॅटरीवरच घड्याळ चालतं. मॉडेल सांगा. आणि मागे पडतं म्हणजे किती? दोन-चार मिनिटं, की थेट जुनं साल? प्रिंटरसाठी वेगळा धागा काढा.