मदत हवी आहे: पोलीस आणि वर्णद्वेष, घरात बोलायचं कसं?

आम्ही अमेरिकेत मिनियापोलिसला राहतो. २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गोऱ्या पोलिसाने नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला आणि त्याचा जीव गेला, ते याच शहरात. परवा जेवताना पुन्हा तोच विषय. लेक म्हणाली, पोलीस खातंच नको. भावजी म्हणाले, पोलिसांना मोकळीक द्या. लेक ताटावरून उठली, आमटी तशीच निवली.

२०२१ मध्ये पोलीस खात्याऐवजी नवं खातं आणायचा प्रस्ताव इथल्या मतदारांनी फेटाळला, त्यात कृष्णवर्णीयही बरेच होते. पोलीस हवेत, पण जीव घेणारे नकोत, असं म्हणणारे कितीतरी आहेत. त्यांचं ऐकतंय कोण?

वयात आलेल्या मुलांशी यावर कुणी न भांडता बोललंय का? सुरुवात कशी केलीत? कृपया सांगा.