मदत हवी आहे: स्टील कट ओट्स आठवड्याचे एकदम कसे करून ठेवायचे?

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांची साखर वाढल्यापासून घरात ओट्स आले. रोल्ड ओट्स त्यांनी पहिल्याच घासाला नाकारले. "ही काय पतंगाची खळ आहे का?" असं त्यांचं मत. स्टील कट मात्र सगळ्यांनाच आवडले. अख्खा दाणा कापून दोन-तीन तुकडे केलेले असतात, त्यामुळे शिजल्यावरही दाताखाली लागतात.

अडचण वेळेची. पातेल्यात चांगला अर्धा तास जातो, वर ढवळत राहा, नाहीतर बुडाला लागतात. सकाळी डबे, पाणी भरणं आणि हे, जमत नाही. म्हणून रविवारी रात्री एकदम शिजवून ठेवायचे आहेत.

कुकरमध्ये थेट शिजवले की शिट्टीतून फेस येतो आणि ओटाभर चिकट पाणी होतं. भांड्यात ठेवून केले तर पाण्याचं प्रमाण काय? शिवाय फ्रिजमधून काढल्यावर सुरीने कापता येईल अशी वडी होते, ती मोकळी कशी करायची? आणि फोडणी आधीच घालून ठेवावी की रोज ताजी?

केळं-मध-दालचिनी कृपया नको, आमच्याकडे तिखटमिठाचंच चालतं. नवीन उपकरणही सुचवू नका, ओट्यावर जागा नाही.

प्रतिसाद १
भांड्यातच करा. 1 वाटी ओट्स चमचाभर तुपावर खमंग वास येईपर्यंत परता, मग 3 वाट्या पाणी आणि मीठ. तुपाने फेस बराच बसतो. भांडं निम्म्याच्या वर भरू नका. 3-4 शिट्ट्या, नंतर 5 मिनिटं मंद गॅस, आणि वाफ आपोआप जिरू द्या. दूध घालायचंच असेल तर खाताना.

प्रतिसाद २
कुकरशिवायही होतं. रात्री पाणी खळखळ उकळून ओट्स टाका, मिनिटभर उकळू द्या, झाकण घालून गॅस बंद. गार झाले की फ्रिजमध्ये. सकाळी 8-10 मिनिटांत शिजतात. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर मात्र ठेवू नका, आंबतात. पण हे रोजचं रोज करावं लागतं, तुम्हाला आठवड्याचं हवंय ना?

प्रतिसाद ३
फ्रिजमध्ये 4 दिवस धरा. पुढचे फ्रीझरमध्ये. मी इडलीपात्राला तेलाचा हात फिरवून त्यात शिजलेले ओट्स भरते. गोठले की काढून पिशवीत. सकाळी माणशी दोन-तीन चकत्या.

मोकळे करायची युक्ती: आधी पातेल्यात अर्धी वाटी पाणी उकळा, मग वडी टाका आणि झाकण ठेवून गप्प बसा. लगेच चमच्याने फोडायला गेलात की लगदा होतो. वाफ शिरली की हलक्या हाताने ढवळा, आपोआप सुटतात.

फोडणी रोज ताजीच. मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, दोन मिनिटांचं काम आहे. आधी घातलेल्या कढीपत्त्याचं चामडं होतं. कांदा मात्र रविवारी परतून वेगळ्या डब्यात ठेवता येतो. ओलं खोबरं वरूनच घाला.

आणि सासऱ्यांचं माप सांभाळा हं. ओट्स म्हणजे शेवटी धान्यच. माणशी कोरडे 40 ग्रॅम पुरे होतात, सोबत उसळ किंवा अंडं द्या.

धागाकर्ती
इडलीपात्र डोक्यातच आलं नव्हतं! या रविवारी तेच करते. अजून एक, सासऱ्यांना वरून ताक हवं असतं. गरम ओट्सवर घातलं तर?

प्रतिसाद ३
फाटेल. कोमट होऊ द्या, मग ताक घालून वर फोडणी द्या. तुपाची, जिऱ्याची.