दोघांचं बॉम्बर फॉर्मेशन: विंगमन वळणात मागे पडतो, बॉम्ब विखुरतात

ढगफोड्या:
ऑनलाइन सिममध्ये (विमान उडवायच्या गेममध्ये) दोघं मिळून बी-१७जी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन बॉम्बर विमानं, उडवतो. मी लीड (वाट दाखवणारा), मित्र विंगमन (त्याच्या साथीने उडणारा), उजवीकडे साधारण १०० मीटरवर. उंची २०,००० फूट, इंडिकेटेड वेग (वेगमापकावर दिसणारा) ताशी १५५ मैल. अडचणी तीन. वळणात तो मागे राहतो, मग फुल थ्रॉटल देऊन येतो आणि थेट माझ्या पुढे निघून जातो. दोघं आपापल्या बॉम्बसाइटवरून (बॉम्बचा नेम धरायच्या यंत्रावरून) नेम धरतो, पण त्याचे बॉम्ब कधी धावपट्टीच्या अलीकडे पडतात, कधी पलीकडे. आणि फायटर मागे लागल्यावर नेमकं किती जवळ राहायचं? चूक कोणाची तेच कळत नाही.

नॉर्डन_नाना:
बहुतेक वेळा लीडचीच. विंगमन काठीवर कितीही हुशार असला, तरी लीडने पॉवर शिल्लक ठेवली नसेल तर तो गाठणार कशाच्या जोरावर? चढताना विंगमनला ३८ इंच मॅनिफोल्ड (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) आणि २,३०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मोकळं हवं, म्हणून लीडने ३५ च्या वर जाऊ नये. सपाट उड्डाणात लीड ३० इंचांच्या आसपास. दोघांचे आरपीएम सारखे ठेवा आणि प्रॉप पिचला (पंख्याच्या पात्यांच्या कोनाला) पुन्हा हात लावू नका, वेग फक्त थ्रॉटलने सांभाळायचा. इंधन आणि बॉम्बलोडही दोघांचं सारखंच घ्या. एकाच्या टाक्या पूर्ण आणि दुसऱ्याच्या अर्ध्या असतील तर एकाच पॉवरला दोघांचा वेग जुळणारच नाही.

आता वळण. २०,००० फुटांवर इंडिकेटेड १५५ म्हणजे खरा वेग सुमारे ताशी २१२ मैल, सेकंदाला ९५ मीटर. १५ अंश बँक दिली (विमान बाजूला तेवढं कलवलं) तर वळणाची त्रिज्या जवळपास ३,४०० मीटर येते आणि ९० अंश वळायला मिनिटभर लागतं. १०० मीटर बाहेरच्या विमानाला तेवढ्यात १५७ मीटर जास्त कापावे लागतात, म्हणजे ताशी ६ मैल जादा वेग. एवढा सहज मिळतो, पण वळण सुरू होण्याआधी थ्रॉटल पुढे गेला तरच. मागे पडल्यावर दिला तर विमान जड असल्याने वेग उशिरा चढतो आणि उतरतोही उशिरा, म्हणून तो तुमच्या पुढे निघतो. सवय अशी लावा: थ्रॉटल थोडा पुढे, अंतर कमी व्हायला लागलं की जेवढा दिला त्याच्या अर्धा लगेच परत. जागेवर पोचेपर्यंत थांबायचं नाही.

लीडने वळण आधी बोलून दाखवावं: 'डावीकडे, नवी दिशा २७०, बँक १५, तीन, दोन, एक, वळ.' आणि बँक हळूहळू द्यावी. ३० अंश देऊन मग 'अरे, कुठे राहिलास?' विचारण्यात अर्थ नाही.

शेपूटगनर:
नानांना एक जोड. बाहेरच्या विंगमनने लीडच्या पंखांच्या रेषेत राहायचा हट्ट धरला तर १५ अंश बँकला त्याला २७ मीटर वर चढावं लागतं. वेग वाढवायचा त्याच वेळी चढाई, मग मागे पडणारच. बॉम्बरमध्ये लीडच्याच उंचीवर राहा, तो कलंडलेला दिसला तरी.

वाटेतल्या मोठ्या वळणांना मी बाजू बदलणं पसंत करतो. विंगमन बाहेरून लीडच्या मागून, थोडा खालून आत जातो. अर्धा वेळ बाहेर, अर्धा वेळ आत, त्यामुळे एकूण अंतर लीडइतकंच भरतं आणि थ्रॉटल जवळपास हलवावा लागत नाही. त्यासाठी मधलं अंतर आधी ३०० मीटरपर्यंत वाढवा.

नॉर्डन_नाना:
वाटेत चालेल. लक्ष्याआधीच्या शेवटच्या वळणाला मात्र नको. नवीन बाजूला पुन्हा जागा पकडेपर्यंत बॉम्ब रन (लक्ष्याकडची शेवटची सरळ धाव) अर्धी संपलेली असते.

शेपूटगनर:
हे मान्य. आता अंतर. नेटवर्कमुळे दिसणारा लीड खऱ्या जागेवर नसतो. १५० मिलिसेकंद उशीर म्हणजे सेकंदाला ९५ मीटर वेगाने १४ मीटर. सरळ उड्डाणात गेम अंदाजाने हे भरून काढतो, पण लीडने झटका दिला की विमान उडी मारल्यासारखं दिसतं. म्हणून पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत निदान एका पंखविस्ताराची, बी-१७ साठी ३२ मीटरची, मोकळी जागा ठेवा. उड्या दिसत असतील तर दुप्पट. झूमही ठरवून ठेवा. मधेच झूम बदलला की लीड लहानमोठा दिसतो आणि अंतराचा अंदाज पार बिघडतो.

फायटर आल्यावर बहुतेक जण उलटं करतात: लीड हाताने उडवतो आणि विंगमन गनवर जातो. लीडला सरळच जायचं असतं, तेव्हा त्याने लेव्हल ऑटोपायलट लावून गनवर बसावं. विंगमनने जागा सांभाळावी, त्याच्या गन एआयवर (गेमच्या संगणकी गनरवर) सोडाव्यात. लीड गनवर असेपर्यंत वळण नाही, हे आधीच ठरलेलं हवं. ६० ते १०० मीटरवर दोघांच्या शेपटाच्या आणि वरच्या टरेटचा (फिरत्या बंदूक-घुमटाचा) मारा एकाच जागी पडतो. ३०० मीटरवर फायटर एकेकाला वेगळा गाठतो.

ढगफोड्या:
वळणाचं समजलं. बॉम्ब टाकताना दोघांनी साइटवर बसायचं की नाही?

नॉर्डन_नाना:
नाही. साइट एकच, लीडची. १९४३ पासून अमेरिकन आठव्या हवाई दलाची पद्धतही हीच होती: लीडने सोडले की बाकीच्यांनी सोडायचे.

लक्ष्याच्या दोन मिनिटं आधी दिशा पक्की. दोघांनी बॉम्ब बे (पोटातल्या बॉम्बकप्प्याची दारं) एकाच वेळी उघडायचे, कारण उघडल्यावर ओढ वाढून वेग उतरतो. तो स्थिर झाला की मगच साइटमध्ये वेग भरायचा. आधी भरलात आणि वेग ताशी ५ मैलांनी उतरला तर बॉम्ब खाली पोचायला लागणाऱ्या ३६ सेकंदांत ते ८० मीटर अलीकडे पडतात. उंची भरताना लक्ष्याची समुद्रसपाटीपासूनची उंची वजा करा. ५०० फूट विसरलात तर आणखी ४० मीटर अलीकडे.

विंगमनने खिडकीतून लीडच्या बॉम्ब बेकडे बघायचं. बॉम्ब दिसल्यावर बटण दाबायला अर्धा सेकंद जातो, म्हणजे जवळपास ५० मीटर. म्हणून तो लीडच्या ५० मीटर मागे असला की हिशोब आपोआप जुळतो. व्हॉइसवर 'तीन, दोन, एक, सोड' म्हणणार असाल तर त्याने मागे न राहता शेजारी यावं. दोन्ही पद्धती एकत्र केल्या की एकदा अलीकडे, एकदा पलीकडे. बॉम्बमधला इंटरव्हल (एकामागून एक सुटण्यातलं अंतर) दोघांनी सारखा लावा. विंगमन १०० मीटर उजवीकडे असेल तर लीडने मध्याच्या ५० मीटर डावीकडे नेम धरावा, नाहीतर त्याची रांग मध्यापासून पूर्ण १०० मीटर दूर पडते.

शेपूटगनर:
बॉम्ब रनमध्ये विंगमन समपातळीवर किंवा ५० फूट वर. खाली नको. मे १९४४ मध्ये बर्लिनवर वरच्या विमानाच्या बॉम्बने खालच्या बी-१७ ची आडवी शेपटी तुटल्याची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत, आणि मित्राच्या बॉम्बनेही नुकसान होतं अशा सर्व्हरवर तेच घडतं. लीडने सोडल्यावर पाच सेकंद सरळच राहायचं, विंगमनचे अजून सुटत असतात.